छायाचित्रापासून पुराव्यापर्यंत : ऑनलाइन माध्यमे आणि जैवविविधतेची मोजदाद

धारवाड शहर दोन भिन्न निसर्गप्रदेशांच्या सीमेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेस कलघटगी, हल्याळ आणि दांडेलीच्या दिशेने पाऊस वाढत जातो, साग आणि बांबूची जंगले सुरू होतात आणि मलनाड म्हणून ओळखला जाणारा सह्याद्रीलगतचा डोंगराळ प्रदेश लागतो. पूर्वेस नवलगुंद आणि गदगकडे मात्र झाडी विरळ होत जाते आणि काळ्या जमिनीची सपाट शेते व माळराने पसरलेली दिसतात. त्यामुळे धनेशासारखे अरण्यातील पक्षी आणि चंडोल किंवा भोवत्या यांसारखे माळावरचे पक्षी येथून एका दिवसाच्या अंतरात आढळतात. मराठी वाचकाला धारवाड परिचित आहे ते जी. ए. कुलकर्णी यांच्या दीर्घ वास्तव्यामुळे आणि द. रा. बेंद्रे यांच्या साधनकेरीमुळे. परंतु निसर्गाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या गावाचे महत्त्व त्याच्या सीमेवरील स्थानात आहे, कारण पाऊसमान, पीकपद्धती किंवा शहराचा विस्तार यांत बदल झाला की त्याचे परिणाम अशा संक्रमणप्रदेशात लवकर दिसू लागण्याची शक्यता असते.

हे परिणाम टिपायचे कोणी, हा मात्र जुना प्रश्न आहे. वाघ, हत्ती यांसारख्या मोठ्या प्राण्यांची गणना वनखात्यामार्फत ठरावीक काळाने होते. पण फुलपाखरे, बेडूक, कोळी, रानफुले आणि नेहमीच्या पाहण्यातले पक्षी यांची गावोगाव वर्षानुवर्षे मोजदाद करता येईल एवढे मनुष्यबळ कोणत्याही शासकीय यंत्रणेकडे नाही. दुसरीकडे, कर्नाटक महाविद्यालयाच्या परिसरातील सप्तापूरसारख्या, शिकवणीवर्ग आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांनी गजबजलेल्या वस्तीत उत्तर कर्नाटकातील अनेक जिल्ह्यांचे तरुण राहतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती कॅमेरा असलेला मोबाइल असतो. खिडकीवर बसलेला पतंग, अंगणात निघालेला साप, तलावावर उतरलेला अनोळखी पक्षी यांची छायाचित्रे घेतली जातात, समाजमाध्यमांवर टाकली जातात आणि विसरली जातात. या विखुरलेल्या सामग्रीतून सजीवसृष्टीच्या स्थितीविषयी विश्वासार्ह निष्कर्ष काढता येतील का, आणि येत असतील तर कोणत्या अटींवर, याचा शोध गेल्या दोन दशकांत जगभर घेतला जात आहे.

माहितीचे तीन प्रवाह

ऑनलाइन माध्यमांतून मिळणारी विदा, म्हणजे ज्याला सर्वसाधारणपणे डेटा म्हटले जाते ती नोंदींच्या स्वरूपातील माहिती, एकजिनसी नसते. तिचा पहिला प्रवाह हेतुपुरस्सर केलेल्या नोंदींचा असतो. कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये सुरू केलेले ‘ईबर्ड’, २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून निर्माण झालेले ‘आयनॅचरलिस्ट’, भारतात २००८ मध्येच सुरू झालेले ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ ही या प्रवाहाची उदाहरणे होत. व्यावसायिक शास्त्रज्ञ नसलेल्या नागरिकांनी ठरलेल्या पद्धतीने निरीक्षणे नोंदवून संशोधनात सहभागी होणे, याला नागरिक-विज्ञान असे म्हटले जाते. अशा अनेक मंचांवरील नोंदी पुढे कोपनहेगन येथे मुख्यालय असलेल्या ‘जीबीआयएफ’ या आंतरराष्ट्रीय माहितीसाठ्यात एकत्र होतात आणि दोन अब्जांहून अधिक नोंदींचा हा साठा कोणाही अभ्यासकाला विनामूल्य वापरता येतो.

दुसरा प्रवाह आनुषंगिक सामग्रीचा असतो. सहलीची छायाचित्रे, चित्रफिती, वृत्तवाहिन्यांचे चित्रण, विक्रीच्या जाहिराती अशी कितीतरी सामग्री निसर्गाच्या अभ्यासासाठी तयार झालेली नसते, पण तिच्यात वनस्पती आणि प्राणी अनायासे टिपले गेलेले असतात. तिसरा प्रवाह त्याहूनही अप्रत्यक्ष असून तो लोकांच्या कुतूहलाचा आहे : कोणत्या प्राण्याविषयी लोक कधी शोध घेतात, कोणता ज्ञानकोशीय लेख कोणत्या महिन्यात अधिक वाचला जातो, यांच्या आकड्यांचा त्यात समावेश होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रवाहांतून परिसंस्थांविषयी ज्ञान मिळविण्याच्या पद्धतीला २०२० मध्ये संशोधकांच्या एका गटाने ‘आय-इकॉलॉजी’ असे नाव दिले. तर त्याच सामग्रीतून माणसांची निसर्गाविषयीची आस्था, भीती किंवा उदासीनता अभ्यासणाऱ्या शाखेला ‘संवर्धन-कल्चरोमिक्स’ म्हटले जाते. दोन्हींची साधने बरीचशी सारखी असली तरी पहिलीचा विषय सजीवसृष्टी हा आहे आणि दुसरीचा विषय माणूस, हा भेद पुढील विवेचनात ध्यानात ठेवावा लागतो.

पूर्ण यादीचे गणित

हेतुपुरस्सर नोंदींचे सामर्थ्य भारतात सर्वांत ठळकपणे दिसले ते ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालांतून. त्याची पहिली आवृत्ती २०२० मध्ये आणि दुसरी ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या अहवालासाठी १३ संस्था एकत्र आल्या आणि सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांनी ईबर्डवर केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींच्या आधारे ९४२ प्रजातींचे मूल्यमापन करण्यात आले. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला त्यांपैकी २०४ प्रजाती घटल्या होत्या, ९८ स्थिर होत्या आणि केवळ ३६ वाढल्या होत्या. संवर्धनाच्या दृष्टीने तातडीने लक्ष द्यावे अशा १७८ प्रजातींची यादीही अहवालात देण्यात आली.

एवढा मोठा निष्कर्ष हौशी माणसांच्या नोंदींतून काढता येतो तो एका साध्या शिस्तीमुळे. ईबर्डवर नोंद करणाऱ्याला निरीक्षण कोठे केले, कधी सुरू केले, किती वेळ चालले, किती अंतर पार केले आणि किती माणसे बरोबर होती हे सांगावे लागते. आणि अखेरीस ओळखता आलेल्या सर्व पक्ष्यांची नोंद केली आहे की केवळ निवडक पक्ष्यांची, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. सर्व पक्षी नोंदविलेल्या यादीला पूर्ण यादी म्हणतात. तिचे मोल असे की तिच्यात जे लिहिले आहे त्याबरोबरच जे लिहिलेले नाही त्यालाही अर्थ प्राप्त होतो. समजा, धारवाडच्या केलगेरी तलावाच्या काठाने हिवाळ्यातील एका सकाळी कोणी अर्धा तास फिरला आणि त्याच्या पूर्ण यादीत साळुंकी, टिटवी, खंड्या आणि वंचक आहेत, पण नीलपंख नाही. तर अर्धा तास पाहूनही नीलपंख दिसला नाही, ही एक स्वतंत्र नोंद ठरते. अशा १०० पूर्ण याद्यांपैकी पूर्वी ४० याद्यांत नीलपंख असेल आणि पुढे तितक्याच कालावधीच्या १०० याद्यांत तो २५ मध्येच सापडत असेल, तर पक्ष्यांची प्रत्यक्ष संख्या मोजलेली नसतानाही घटीचा अंदाज बांधता येतो. याला नोंदींची वारंवारता म्हणतात, आणि निरीक्षकांची संख्या वाढली तरी तिच्यामुळे हे प्रमाण आपोआप फुगत नाही.

नीलपंखाचे उदाहरण येथे सहेतुक घेतले आहे. हा कर्नाटकाचा राज्यपक्षी आहे, तारांवर आणि उघड्या फांद्यांवर बसण्याच्या सवयीमुळे तो सहज दिसतो आणि त्यामुळेच तो विपुल आहे असा सर्वसाधारण समज असतो. २०२३ च्या अहवालात मात्र गेल्या सुमारे १२ वर्षांत त्याचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले आणि ज्या प्रजातींच्या जागतिक धोकापातळीचा फेरविचार व्हावा अशी शिफारस करण्यात आली त्यांत त्याचा समावेश झाला. उलटपक्षी, मोर वाढत असल्याचे त्याच नोंदींवरून स्पष्ट झाले, तर नामशेष होत चालल्याची हाकाटी जिच्याविषयी नेहमी होते ती चिमणी देशाच्या पातळीवर बरीचशी स्थिर असल्याचे २०२० च्या अहवालात आढळले. लोकांची भावना आणि नोंदींचा पुरावा यांच्यात किती अंतर पडू शकते, हे या तीन पक्ष्यांवरून लक्षात येते.

नोंद चुकीची असली तर काय, या शंकेचे उत्तर मंचांच्या रचनेतच असते. ईबर्डवर प्रत्येक प्रदेशासाठी आणि महिन्यासाठी संभाव्य पक्ष्यांच्या व त्यांच्या संख्येच्या मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. त्या ओलांडणारी नोंद आली की ती बाजूला काढली जाते आणि त्या भागातील जाणकार स्वयंसेवक छायाचित्र किंवा वर्णन मागवून तिची शहानिशा करतात. आयनॅचरलिस्टवर छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण, तारीख आणि स्थळ असलेल्या नोंदीवर किमान दोघांचे आणि ओळख पटविणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले तरच तिला संशोधनयोग्य दर्जा मिळतो. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावरही फुलपाखराचे प्रत्येक छायाचित्र तज्ज्ञांच्या नजरेखालून गेल्यावरच स्वीकारले जाते.

अनायासे टिपलेला निसर्ग

आनुषंगिक सामग्रीतून मिळालेले काही निष्कर्ष तर कोणत्याही नियोजित सर्वेक्षणातून मिळाले नसते. हिमाचल प्रदेशातील चंबा जिल्ह्यात एका विद्यार्थ्याने २०२० च्या टाळेबंदीच्या काळात घराच्या परिसरात दिसलेल्या सापाचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले. मूळचे मुंबईचे असलेले सरीसृपतज्ज्ञ झीशान मिर्झा यांच्या ते पाहण्यात आले, हा नेहमीचा कुकरी साप नसावा असा संशय त्यांना आला, आणि प्रत्यक्ष नमुन्यांचा व जनुकीय रचनेचा अभ्यास होऊन डिसेंबर २०२१ मध्ये ‘ऑलिगोडॉन चुराहेन्सिस’ ही प्रजाती विज्ञानाला नव्याने ज्ञात झाली. तिचे नाव चंब्यातील चुराह खोऱ्यावरून ठेवण्यात आले. त्यापूर्वी २०१२ मध्ये मलेशियातील एका छायाचित्रकाराने ‘फ्लिकर’वर ठेवलेल्या चित्रातून हिरव्या जाळीदार पंखांच्या एका कीटकाची नवी प्रजाती उजेडात आली होती. मात्र छायाचित्राने केवळ दिशा दाखविली आणि निर्णय नमुना हाती आल्यावरच झाला, ही गोष्ट दोन्ही उदाहरणांत समान आहे.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला प्रयोग याहून कल्पक होता. तेथील ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ ही सायकल शर्यत दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला त्याच परिसरातून जाते आणि तिचे दूरचित्रवाणीवरील चित्रण जपून ठेवलेले आहे. संशोधकांनी १९८१ ते २०१६ या काळातील चित्रफितींत सायकलस्वारांकडे दुर्लक्ष करून रस्त्याकडेची तीच ती झाडे वर्षानुवर्षे शोधून काढली आणि त्या दिवशी त्यांना पालवी किंवा फुलोरा आला होता की नाही याची नोंद केली. १९९० पूर्वी शर्यतीच्या वेळी पालवी फुटलेली झाडे जवळजवळ नव्हती. नंतरच्या वर्षांत मात्र ती अधिकाधिक दिसू लागली आणि या बदलाचा संबंध वाढत्या तापमानाशी जोडता आला. ऋतूंनुसार होणाऱ्या जैविक घटनांच्या वेळापत्रकाच्या अभ्यासाला ऋतुजैविकी म्हणतात. पंढरीची वारी, यल्लम्मा किंवा जोतिबाची यात्रा यांसारख्या ठरावीक तिथीला आणि ठरलेल्या मार्गावर होणाऱ्या सोहळ्यांचे चित्रण महाराष्ट्र-कर्नाटकात भरपूर उपलब्ध आहे. तिथी आणि इंग्रजी तारीख यांतील फरक हिशेबात घेतला तर मार्गावरील पळस, पांगारा किंवा आंब्याच्या बहराचा असाच अभ्यास येथेही करता येण्याजोगा आहे.

प्रजातींच्या प्रसाराचा मागोवा घेण्यासाठीही समाजमाध्यमांचा उपयोग झाला आहे. भारत आणि श्रीलंकेत सर्रास आढळणारे ‘टॉनी कोस्टर’ नावाचे नारिंगी फुलपाखरू गेल्या काही दशकांत आग्नेय आशियातून पसरत २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचले. त्याच्या या वाटचालीचा अभ्यास करताना अधिकृत माहितीसाठ्यांत नसलेल्या अनेक ठिकाणांच्या नोंदी फेसबुक आणि फ्लिकरवरील छायाचित्रांतून मिळाल्या. बांगलादेशातील पक्षी आणि फुलपाखरांच्या बाबतीतही संशोधकांनी फेसबुकवरील गटांतून हजारो छायाचित्रे गोळा केली आणि संवर्धनासाठी निवडावयाच्या क्षेत्रांचा नकाशा त्यामुळे अधिक अचूक झाल्याचे दाखवून दिले. जेथे लोक नागरिक-विज्ञानाचे मंच फारसे वापरत नाहीत, पण समाजमाध्यमे मात्र नित्य वापरतात, अशा देशांसाठी हा धडा विशेष महत्त्वाचा आहे.

मराठी मुलखातील लक्षणीय उदाहरण मुंबईचे आहे. प्रदीप पाताडे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमात ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अली, जुहू अशा किनाऱ्यांवर नागरिकांना नेले जाते, खडकांच्या फटींतील आणि डबक्यांतील सागरी गोगलगायी, खेकडे, समुद्रफुले आणि प्रवाळ यांची छायाचित्रे घेतली जातात आणि ती आयनॅचरलिस्टवर व समाजमाध्यमांवर नोंदविली जातात. सांडपाण्याने काळवंडलेल्या पाण्यात काही उरलेच नसेल, असा समज असलेल्या या किनाऱ्यावर शेकडो प्रजाती नांदत असल्याचे त्यातून सार्वजनिक झाले. सागरी किनारा मार्गाच्या कामाच्या वेळी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये अन्यत्र हलवाव्या लागल्या, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत ही गोष्ट सामान्य मुंबईकराला नवी असली तरी या नोंदी पाहणाऱ्यांना नवी नव्हती.

धारवाडच्या परिघात

धारवाडच्या आसपास या पद्धती कोठे लागू पडतील, याचे उत्तर शोधताना प्रथम गदग जिल्ह्यातील मागडी तलावाकडे पाहावे लागते. सिंचनासाठी बांधलेल्या सुमारे ५० हेक्टरांच्या या तलावावर हिवाळ्यात मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंब हंसांचे मोठे थवे उतरतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. दाटीने बसलेल्या थव्याची डोळ्यांनी केलेली मोजणी माणसागणिक बदलते. परंतु पर्यटकांनी तलावाच्या एकाच काठावरून काढलेल्या रुंद छायाचित्रांतील पक्षी सावकाश मोजता येतात आणि दोन हिवाळ्यांची तुलना करता येते. शिवाय मंगोलियातील संशोधकांनी काही पट्टकादंबांच्या गळ्यात अक्षरे आणि अंक कोरलेल्या पट्ट्या घातल्या असून असे पक्षी कर्नाटकात छायाचित्रित झाले आहेत. मान वळलेली असेल तर पट्टीवरचे एखादेच अक्षर दिसते. म्हणून त्याच पक्ष्याची पाठोपाठ घेतलेली, बाजूने आणि समोरून दिसणारी दोन-तीन छायाचित्रे आवश्यक ठरतात, आणि ती मिळाली की हजारो किलोमीटरांवर पकडून सोडलेल्या एका विशिष्ट पक्ष्याचा मुक्काम निश्चित होतो.

फुलपाखरांच्या बाबतीत या प्रदेशाला दुर्मीळ असा जुना आधारही उपलब्ध आहे. धारवाड आणि कारवार (उत्तर कन्नड) हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते आणि त्याआधी मुंबई इलाख्यात. त्या इलाख्यातील डेव्हिडसन, बेल आणि एटकिन या तीन अधिकाऱ्यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातील फुलपाखरे, त्यांच्या अळ्या आणि खाद्यवनस्पती यांविषयी १८९० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात विस्ताराने लिहिले. आजच्या ऑनलाइन नोंदी त्या यादीशेजारी ठेवल्या तर सव्वाशे वर्षांत कोणत्या प्रजातींचा वावर टिकला आणि कोणत्या प्रजाती शोधूनही सापडत नाहीत, याची विचारणा करता येते. जुनी यादी आधाररेषा पुरविते आणि नव्या नोंदी वर्तमान दाखवितात. एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

या परिघात भाषेची एक व्यावहारिक अडचणही आहे. शास्त्रीय किंवा इंग्रजी नावाने शोध घेणारी संगणकीय प्रणाली धारवाड-बेळगाव भागातील बरीच सामग्री हुकविते, कारण येथे धनेशाचे छायाचित्र कोणी मराठीत ‘धनेश’ म्हणून टाकतो तर कोणी कन्नडमध्ये ‘मंगट्टे’ म्हणून, आणि पुष्कळदा केवळ गावाचे नाव लिहिले जाते. महाराष्ट्राच्या बाजूला मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षीकोशा’सारखे संदर्भग्रंथ स्थानिक नावांसाठी उपलब्ध आहेत; कन्नड, मराठी आणि कोकणी नावांची शास्त्रीय नावांशी सांगड घालणारी तिहेरी सूची सीमाभागातील विद्यापीठांनी तयार केली, तर आज अदृश्य असलेला मोठा साठा शोधाच्या टप्प्यात येईल.

दिसले ते कोणाला आणि कोठून

या सर्व सामग्रीचा मूलभूत दोष असा की ती निसर्गाइतकेच निरीक्षकाविषयी बोलते. नोंदी रस्त्यांच्या कडेने, शहरांजवळ आणि सुटीच्या दिवशी अधिक होतात. रंगीत, मोठे आणि दिवसा वावरणारे प्राणी अधिक टिपले जातात, तर मातीतील गोम किंवा राखी रंगाचा पतंग दुर्लक्षित राहतो. नकाशावर दांडेलीला ठिपक्यांची दाटी आणि नवलगुंदच्या शेतांत मोकळी जागा दिसली, तर त्यावरून नवलगुंदमध्ये पक्षी नाहीत असे ठरत नाही; तेथे पाहणारे गेले नाहीत एवढेच कदाचित ठरते. माळरानांच्या बाबतीत ही चूक महागात पडू शकते, कारण भोवत्यांसारखे माळावरचे शिकारी पक्षी घटत असल्याचे राष्ट्रीय अहवालच सांगतो, आणि नोंद नसलेला माळ ‘पडीक जमीन’ म्हणून प्रकल्पांना सहज दिला जाऊ शकतो.

कुतूहलाच्या आकड्यांत हा दोष आणखी तीव्र असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४५ भाषांतील विकिपीडियावर ३१ हजारांहून अधिक प्रजातींच्या लेखांचे वाचन तपासले गेले आणि एक चतुर्थांशाहून अधिक प्रजातींच्या वाचनात ऋतूंनुसार चढउतार आढळले. त्यांतील पुष्कळ चढउतार प्राण्यांच्या स्थलांतराशी किंवा फुलोऱ्याशी जुळणारे होते, पण काही केवळ सण आणि दूरचित्रवाणी कार्यक्रमांमुळे निर्माण झाले होते. दसऱ्याला नीलपंखाचे दर्शन शुभ मानण्याची प्रथा देशाच्या अनेक भागांत आहे. त्या सुमारास त्याच्याविषयीच्या शोधांत वाढ झालेली कोणी पाहिली तर ती हिवाळ्याच्या तोंडावर माळांवर येणाऱ्या पक्ष्यांमुळे आहे की सणामुळे, हे केवळ शोधांच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. त्यासाठी पूर्ण याद्यांचीच कसोटी लावावी लागेल.

ओळख चुकण्याचा धोका समाजमाध्यमांवर अधिक असतो, कारण तेथे तपासणीपूर्वीच प्रसार होतो. मार्च २०२० मध्ये केरळातील एका गावात भररस्त्यावरून चालणाऱ्या प्राण्याची चित्रफीत, अतिदुर्मीळ मलबारी जवादी मांजर कित्येक दशकांनी परतले, अशा मजकुरासह देशभर फिरली. प्रत्यक्षात ते सर्वत्र आढळणारे लहान जवादी मांजर असल्याचे जाणकारांनी स्पष्ट केले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्रांची त्यात भर पडली आहे, त्यामुळे मूळ छायाचित्र, त्यात कॅमेऱ्याने साठविलेली तारीख-वेळ आणि काढणाऱ्याची ओळख यांना पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेल्या छायाचित्रातून ही अंतर्गत माहिती गळून जाते, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. तेच छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविले तर ती टिकते. याशिवाय खासगी कंपन्यांच्या मंचांवरील सामग्री अभ्यासकांना कायम मिळेलच याची शाश्वती नसते : २०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांसाठीचा विनामूल्य मार्ग बंद केला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीने ‘क्राउडटँगल’ हे साधन बंद केले. दीर्घकालीन निरीक्षणाचा पाया खुल्या आणि सार्वजनिक साठ्यांवरच उभारावा लागतो तो याच कारणाने.

जी माहिती संरक्षणाला उपयोगी पडते तीच शिकाऱ्यालाही उपयोगी पडते. म्हणून आयनॅचरलिस्टवर धोक्यात असलेल्या प्रजातीचे नेमके स्थळ न दाखविता सुमारे २० किलोमीटर बाजूच्या चौकटीत कोठेतरी ठिपका दाखविला जातो आणि ईबर्डवर संवेदनशील प्रजातींच्या नोंदी सर्वांपासून झाकून ठेवल्या जातात. समाजमाध्यमांवर मात्र घरट्याचे किंवा बिळाचे ठिकाण टाकणारा स्वतः काळजी घेईल तेवढेच संरक्षण असते. उलट, गुन्हा शोधण्यासाठीही हीच सामग्री उपयोगी पडली आहे. धनलाभ करून देणारी दुर्मीळ मुळी म्हणून ऑनलाइन दुकानांत विकली जाणारी ‘हाथाजोडी’ ही वस्तुतः घोरपडीच्या नराचे वाळविलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ मध्ये विक्रीच्या जाहिरातींचा मागोवा घेऊन उघडकीस आणले गेले. घोरपड ही वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिलेली प्रजाती असल्यामुळे त्यानंतर छापे घालण्यात आले.

नोंदवही आणि मोबाइल

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. माधव गाडगीळ यांनी पुढे आणलेल्या या कल्पनेचा गाभा असा होता की ज्यांचे जगणे त्या परिसराशी बांधलेले आहे त्यांच्याच ज्ञानातून परिसराची नोंद व्हावी. अनेक ठिकाणी ही वही एकदाच भरली जाते आणि कपाटात राहते. दुसरीकडे मोबाइलमधील छायाचित्रे रोज ताजी असतात, पण कोणत्याही वहीत जात नाहीत. दोहोंची जोडणी करण्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. हुबळी-धारवाडच्या महाविद्यालयांतील आणि कृषी विज्ञान विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी केलगेरी, साधनकेरी आणि उणकल या तीन तलावांवर आठवड्यातून एकदा, त्याच वाटेने आणि तेवढाच वेळ फिरून पूर्ण याद्या नोंदविल्या, त्यांची वार्षिक गोषवारापत्रिका महापालिकेच्या समितीकडे दिली आणि हा क्रम तुकड्या बदलल्या तरी दहा वर्षे मोडू दिला नाही, तर शहराच्या वाढीचा पाणपक्ष्यांवर काय परिणाम झाला हे आकड्यांनिशी सांगता येईल. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर या काळात साजरा होणारा पक्षी सप्ताह किंवा फेब्रुवारीत चार दिवस चालणारी जागतिक पक्षिगणना हे अशा कामाला आरंभ करून देणारे प्रसंग ठरू शकतात. परंतु कल ठरविता येतो तो उत्सव नसलेल्या आठवड्यांच्या नोंदींवरून.

एखाद्या छायाचित्राचा पुरावा होण्यासाठी स्थळ, तारीख, वेळ आणि निरीक्षकाचे नाव लागते. पुराव्याचे निरीक्षण होण्यासाठी किती वेळ पाहिले आणि काय दिसले नाही हेही लागते. आणि निरीक्षणाचा इतिहास होण्यासाठी तेच पुन्हापुन्हा, त्याच जागी केलेले असावे लागते. ऑनलाइन माध्यमांनी यांपैकी पहिली पायरी अत्यंत सोपी केली असून कोट्यवधी माणसे नकळत तिच्यावर उभी आहेत. पुढच्या दोन पायऱ्यांसाठी तंत्रज्ञानापेक्षा सातत्य अधिक लागते, आणि संगणक ते पुरवीत नाही. दुर्मीळ प्राण्याच्या एका चित्राला हजारो पसंत्या मिळतात, तर रिकाम्या हाती परतलेल्या सकाळच्या यादीला एकही मिळत नाही. तरीही नीलपंखाची घट देशाला कळली ती अशा न गाजलेल्या याद्या नेटाने भरणाऱ्यांमुळे. त्यामुळे धारवाडसारख्या शहरात जैवविविधतेच्या निरीक्षणाची आखणी करताना अधिक छायाचित्रे कशी मिळतील यापेक्षा, काही न दिसलेल्या दिवसाची नोंदही होत राहील अशी व्यवस्था कशी उभारावी, या प्रश्नाला अग्रक्रम द्यावा लागेल.